‘ऐंशीचा टाक, मी सांगतो ना’

अहो,

तुमचं तेरावं होऊन थोडेच दिवस झाले होते, आणि दगडू उतेकर तुमच्या-माझ्या दुकानाच्या काउंटरवर कोपरं टेकून मला सांगत होते, “तात्यांनीच सांगितलान, वैनी. ऐंशीचा टाक म्हनले.”

“कधी?” मी विचारलं.

“परवा.”

पोलादपूरच्या वर डोंगरात त्यांची भातगिरणी आहे, ते तुम्हाला मी काय सांगू. माणूस भोळा असला तरी वेडा नाही. तुम्ही गेल्याचं त्यांना ठाऊक होतं. बाराव्याला ते येऊन भिंतीला टेकून गप्प बसले होते, पाणीही न घेता उठून गेले होते. तरी ‘परवा’ म्हणताना त्यांचा आवाज जराही अडखळला नाही. मी हातातली वायरची गुंडाळी खाली ठेवली आणि खरं सांगते, आधी तुमच्या खुर्चीकडे पाहिलं.

मग त्यांनी खिशातून फोन काढला, अंगठ्याने काहीतरी दाबलं आणि तुम्ही दुकानात बोललात.

“अरे, उडतोय ना? मग ऐंशीचा टाक. एच.आर.सी.च टाक, साधा नको. घाबरू नको, काही होत नाही. मी सांगतो ना.”

उतेकरांनी तिथेच ते बंद केलं. मला म्हणाले, “तीन द्या. गिरनी बंद हाय, लोकं भात घेऊन बसलेत.”

तुमचा आवाज अगदी जवळून आला होता. मी आत जाऊन फळीसमोर उभी राहिले. ऐंशी अँपिअरचे फ्यूज तुम्हीच डाव्या बाजूला लावून ठेवले होते, तिथेच होते. पांढरे, गुळगुळीत, चिनी मातीचे. तुम्ही गेल्यापासून मी त्या फळीला हात लावला नव्हता.

तुम्हाला आठवतं, लग्नानंतर मी पहिल्यांदा दुकानात येऊन बसले तेव्हा तुम्ही मला गल्ला दिला नाही. मी महाडातली, चवदार तळ्याजवळच्या शाळेत शिकलेली, कॉमर्स झालेली. मला वाटलं होतं बिलं करायला सांगाल. तुम्ही एक जळालेला एच.आर.सी. फ्यूज घेतलात, आत वाळू भरलेला, हातोडीने फोडलात आणि आतली वाळू काचेवर सांडलीत. वाळूत चांदीची पट्टी होती, तिला बारीक खाचा होत्या, आणि खाचेपाशी पट्टी तुटून भोवतालची वाळू काचेसारखी घट्ट झाली होती. “ही ठिणगी वाळूने गिळली,” तुम्ही म्हणालात. “साधी तार तुटली असती तर ठिणगी बाहेर आली असती. कारखान्यात ठिणगी बाहेर आली की काय होतं ते एमआयडीसीत विचार.” मग नवा फ्यूज माझ्या हातात दिलात आणि त्याच्या अंगावरचं बारीक अक्षर वाचायला लावलंत. किती अँपिअर, म्हणजे रोज किती करंट सोसायचा. किती केए, म्हणजे मोठा बिघाड झाला तर केवढा लोंढा अडवायचा. तुम्ही म्हणालात, लोक पहिलाच आकडा वाचतात आणि माल मागतात. आपण तसं विकायचं नाही.

तुम्ही कधी विकलं नाहीतच. कुणी म्हणालं ‘शंभरचा द्या’, की तुम्ही स्टूल पुढे सरकवायचात आणि विचारायला लागायचात. काय चालवायचंय? किती हॉर्सपॉवर? मोटर एकदम झटक्याने सुरू होते की हळूहळू वेग घेते? वायर कोणती आहे? ट्रान्सफॉर्मर जवळ आहे की लांब? गिऱ्हाईक वैतागून म्हणायचं, तात्या, फ्यूज द्या की, पोरगी बघायला आलोय का? तुम्ही हसायचात आणि म्हणायचात, “फ्यूज मोटरीसाठी नसतो रे, वायरीसाठी असतो. वायर सांगितल्याशिवाय देणार नाही.”

आणि तो पूर. सावित्रीचं पाणी दुकानात फळीच्या वरपर्यंत चढलं होतं. उतरल्यावर आपण दोघांनी चिखल काढला, एकेक फ्यूज धुऊन पुसून उन्हात मांडला. सगळे नव्यासारखे दिसत होते. मी विचारलं, आता डब्यात भरू? तुम्ही बराच वेळ त्यांच्याकडे पाहत उभे राहिलात. म्हणालात, आत वाळू ओली झाली असेल, बाहेरून कळणार नाही, आणि ज्या दिवशी गरज पडेल त्या दिवशी हे काम करणार नाहीत. सगळे पोत्यात भरून तुम्ही फोडून टाकलेत, म्हणजे कुणी उचलूनही वापरू नयेत. तुमचा मला त्या दिवशी केवढा अभिमान वाटला होता. बोलले नाही. कमरेला चिखल होता, बोलण्यासारखी ती वेळच नव्हती.

असे तुम्ही, आणि तरी ते व्हॉइस मेसेज.

तुम्हाला लिहायचा कंटाळा. चष्मा शोधायचा कंटाळा. कुणी फोनवर काही विचारलं की तुम्ही नीट ऐकून घ्यायचात, सगळं विचारायचात, आणि नंतर विचार करून फोन तोंडाजवळ धरून उत्तर रेकॉर्ड करून पाठवायचात. प्रश्न फोनवर, उत्तर मेसेजमध्ये. मी किती वेळा म्हटलं, त्यात मोटर कुठली तेही बोला, वायर कुठली तेही बोला. हा मेसेज पुढे जातो. तुमचा आवाज पुढे जातो, त्या माणसाची मोटर जात नाही. तुम्ही म्हणायचात, “अगं, ज्याने विचारलं त्याला माहीत आहे.” मी म्हणायचे, ज्याने विचारलं नाही त्याचं काय? तुम्ही चहा मागायचात. आपला तो वाद वर्षभर तरी चालू होता, आणि कधी भांडणाच्या पायरीलाही चढला नाही. संपला मात्र नाही.

त्या सकाळी तुम्ही शटर अर्धं वर करून थांबलात. मला वाटलं, कुलूप अडकलंय. मी मागून म्हटलं, जोर लावू नका, तेल घालते. तुम्ही वळला नाहीत.

तेव्हापासून तुमचा आवाज गावोगाव ऐकू येत होता आणि मला त्याची कल्पनाच नव्हती. मुग्धाला होती. आपली लेक पुण्याहून बारा दिवस आली होती, ती येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला विचारत होती, काका, बाबांचा एखादा मेसेज आहे का तुमच्याकडे, मला पाठवा ना. माणसं डोळे पुसत फोन चाळायची. तिने ते सगळे जमवले. जाताना म्हणाली, “आई, तू ऐकशील?” मी म्हटलं, आत्ता नको. रात्री घरात एकटी असताना मला तुमचा आवाज नको होता. तो ऐकून मी स्वयंपाकघरातून उत्तर दिलं असतं.

तर, उतेकर. मी बाहेर आले आणि म्हटलं, “ऐंशीचा नाही देणार. तुमची मोटर दहा हॉर्सपॉवरची आहे. तुम्हाला बत्तीसचेच दिले होते ह्यांनी.”

“बत्तीसचा टिकत नाय ना पन. लावला की उडतो.”

“मग तो का उडतोय ते बघायला हवं.”

“तात्या बोलतायत की, घाबरू नको.”

“ते तुमच्याशी नाही बोलत आहेत.”

हे वाक्य माझ्या तोंडून जरा कठोर गेलं. त्यांचा चेहरा पडला. त्यांनी मला मेसेज दाखवला. त्यांचा मुलगा निलेश मुंबईत असतो, त्याने पाठवला होता. त्याला गावकीच्या ग्रुपवर आला होता. ग्रुपवर कुणी टाकला, कुणास ठाऊक. वर बारीक अक्षरात ‘फॉरवर्डेड’ लिहिलेलं. पण उतेकरांच्या दृष्टीने तात्यांनी सांगितलं ते सांगितलं. ते मला वाईट बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, “वैनी, तुमच्या मनाची अवस्था मला कलते. पन मी तात्यांचा ऐकनार. पोलादपुरात मिळतील.” आणि पायरी उतरून गेले.

मिळणारच होते. वाईट म्हणजे बसणारही होते. एकाच मापाच्या खाचेत बत्तीसचा बसतो आणि ऐंशीचाही बसतो, हे तुम्हीच मला शिकवलंत. ऐंशीचा बसवला की तो उडणार नाही. उडणार नाही म्हणून गिरणी चालेल, आणि ती बारीक वायर तापत राहील. गिरणीत चारी बाजूंनी तूस आणि कोंडा, वरती लाकडी वासे, आणि भात घेऊन बसलेल्या बायका. मी थोडा वेळ काउंटरमागे उभी राहिले. मला वाटत होतं तुम्ही आतून येऊन म्हणाल, थांब, मी जातो.

शटर ओढलं, महाड स्टँडवरून पोलादपूरची एसटी धरली, तिथून वर जाणाऱ्या मिनीडोरमध्ये बसले. वाटेत हायवेवर कशेडीकडे जाणाऱ्या ट्रकांची रांग होती, गाडी हलेना. सगळा वेळ माझ्या कानात तेच. घाबरू नको, काही होत नाही. ते तुम्ही इतक्या मायेने म्हटलं होतंत. मला त्याचीच भीती वाटत होती.

गिरणीत पोचले तेव्हा मेन स्विचचं दार उघडं होतं. जुने काढून झाले होते आणि उतेकर नवे बसवत होते. ओट्यावर पोत्यांना टेकून बायका बसलेल्या. मला बघून ते थांबले.

“मेन बंद आहे ना?” मी विचारलं.

“हाय.”

“मग आधी ही वायर बघा. हात लावून बघा.”

स्विचमधून मोटरीकडे जाणारी वायर टोकापाशी तपकिरी झाली होती. त्यांनी बोटांनी वाकवली तसं वरचं आवरण वाळक्या सालीसारखं तडकलं. मी म्हटलं, आता पट्टा काढून मोटर हाताने फिरवा. त्यांनी पट्टा उतरवला. मोटर फिरेना. दोन्ही हात लावले तेव्हा खरखरत, अडत थोडीशी वळली. बेअरिंग गेलं होतं.

“म्हंजे बत्तीसचा बरोबर उडत होता,” उतेकर म्हणाले.

“हो.”

ते ओट्यावर बसले. डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “तात्या असा कसा सांगतील मग?” ते मला विचारत नव्हते, आणि त्यात राग नव्हता. त्यांचं काहीतरी दुसऱ्यांदा गेलं होतं, असा तो आवाज होता. मला ते सहन झालं नाही. मी म्हटलं, “तो मेसेज मला पूर्ण ऐकवा.”

“संपला की तो. मी सांगतो ना, इथपर्यंतच हाय.”

“पुढे चालू द्या.”

तुम्ही बोललात ते संपलं. मग थोडी शांतता होती, पंख्याची घरघर होती. सगळे इथेच बंद करत असणार. आणि मग लांबून, दुकानाच्या आतल्या बाजूने, एका बाईचा आवाज आला. “अहो, क्रशरची मोटर आहे ते तरी बोला त्यात. तीस हॉर्सपॉवर म्हणा.” तुम्ही हसलात. तुमचं ते नाकातलं हसू. “अगं, त्याला माहितेय.” आणि संपलं.

मी होते ती. मला स्वतःचा आवाज ओळखायला वेळ लागला. इतकी निर्धास्त बाई मी कधी होते, असं वाटलं. जिला उत्तर मिळणारच आहे अशी बाई. तुमच्यापेक्षा मला तिचीच जास्त भीती वाटली आणि तिचीच जास्त कीव आली. गिरणीतल्या बायका माझ्याकडे पाहत होत्या. त्यातली एक म्हातारी उठून माझ्या शेजारी येऊन बसली.

मेसेज कशेडीजवळच्या खडीच्या क्रशरचा होता. मला आठवला तो माणूस. त्याची मोटर तीसची, वायर जाड, आणि क्रशरमध्ये दगड भरलेला असतानाच तो सुरू करायचा, म्हणून मोटर सुरुवातीलाच जबर करंट घ्यायची. त्याला तुम्ही बरोबर सांगितलं होतंत. तुम्ही चुकीचं काहीच सांगितलं नव्हतंत. मी हे उतेकरांना तीनतीनदा सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि ऐंशीचे फ्यूज कागदात परत गुंडाळले.

त्यांनी निलेशला फोन लावला आणि माझ्या हातात दिला. मी म्हटलं, “तो मेसेज ग्रुपवरून काढून टाक बाबा.”

“काकी, माझ्या फोनमधनं डिलीट होईल, पन सगल्यांच्या फोनमधनं नाय जानार. आनि पुढं किती ग्रुपला गेला असेल काय म्हाईत. एक करा, त्याच्याखाली तुम्हीच बोला. मी तुम्हाला ग्रुपमधे ॲड करतो. तुमच्या आवाजात असेल तर लोकं ऐकतील.”

अहो, मी कधी व्हॉइस मेसेज केला नव्हता. उतेकरांनी बटण कुठलं ते दाखवलं. गिरणीच्या अंगणात जाऊन मी फोन तोंडाजवळ धरला. तोवर कुणाचाही फोन आला तर मी ‘ते नाहीत’ असं म्हणत होते. काही जण विचारायचे, कधी येतील? मी म्हणायचे, नंतर करा. आता तसं बोलून चालणार नव्हतं.

मी म्हटलं, “मी तात्यांची बायको बोलतेय, महाडच्या दुकानातली. तात्या गेले. वरचा मेसेज त्यांनी एका क्रशरवाल्याला केला होता, त्याच्याच मोटरीसाठी. तुमच्यासाठी तो नाही. तो ऐकून कुणी फ्यूज बदलू नका. त्यांना आता काही विचारता येत नाही. मला विचारा.”

बोट उचललं. मेसेज गेला. तुमच्या आवाजाच्या खाली माझा आवाज जाऊन बसला. लग्नाच्या इतक्या वर्षांत चारचौघांत मी तुमचं बोलणं कधी खोडलं नव्हतं, आणि खोडलं ते असं, तुम्ही उत्तर द्यायला नसताना. मला रडू आलं ते तिथे. स्मशानातून माणसं परत आली तेव्हाही आलं नव्हतं.

मुग्धाला दुसऱ्या दिवशी सांगितलं. ती म्हणाली, “आई, लोकांकडे बाबांचं तेवढंच राहिलंय. तू त्यांना ‘ऐकू नका’ म्हणालीस?”

“हो.”

“कसं म्हणवलं तुला?”

“मुग्धा, तुझ्याकडचे तू ठेव. हवे तेव्हा ऐक. तुला गिरणी चालवायची नाही.”

ती त्यावर हसली की रडली, मला फोनवर कळलं नाही. नंतर तिने विचारलं, त्या मेसेजच्या शेवटी तू आहेस का गं? म्हणजे तिनेही तोवर पूर्ण ऐकला नव्हता.

दुकान मी उघडं ठेवलंय. उतेकरांनी बेअरिंग बदललं, वायर बदलली, बत्तीसचे नवे फ्यूज आपल्याकडूनच नेले. माणसं येतात, स्टुलावर बसतात. मी विचारते तसं सांगतात. कधीकधी मधेच थांबून आत बघतात. मीही बघते. काउंटरच्या काचेखाली कुठूनतरी वाळूचे कण निघतात, कितीही पुसलं तरी. तुमची खुर्ची मी हलवलेली नाही, तिच्यावर बसतही नाही. चौकशी करणारे जवळजवळ सगळे ‘तात्या म्हणायचे’ असं म्हणूनच सुरुवात करतात, आणि मग तुम्ही कधीही न म्हटलेलं काहीतरी सांगतात. पूर्वी मी अशा गोष्टी तुम्हाला जेवताना सांगितल्या असत्या.

काल दुपारी वरंधच्या बाजूच्या एका माणसाने तोच मेसेज मला पाठवला. नंबर ओळखीचा नव्हता. खाली त्याचा एवढाच प्रश्न होता, ‘हे बरोबर हाय काय?’ म्हणजे तो अजून फिरतोय आणि फिरत राहणार. दुकानात कुणी नव्हतं. मी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला, तुम्ही हसलात तिथपर्यंत, आणि मग त्या माणसाला फोन लावला.

मी विचारत गेले, तो सांगत गेला. त्याचाही क्रशर. मोटर तीसची. वायर जाड, गेल्याच वर्षी नवी टाकलेली. मोटर हाताने हलकी फिरते. फ्यूज त्रेसष्टचा आहे आणि तो चालू असताना कधी उडत नाही, दगड भरून सुरू करतानाच उडतो. मी वायरचं माप त्याला पुन्हा एकदा बघून यायला सांगितलं. तो बघून आला. मी तुमच्या खुर्चीकडे पाहिलं. त्याला वाटलं फोन कट झाला.

“वैनी? काय करू मग?”

“तात्या बरोबर सांगतायत,” मी म्हटलं. “ऐंशीचा टाका.”

तुम्ही गेल्यापासून मला नीट जेवण जात नव्हतं. काल गेलं.